इंजिनाच्या पोटातलं किटण

मामांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली तेव्हा ओडोमीटरवर २,०८,००० किलोमीटर झाले होते. दृष्टी अधू झाली म्हणून त्यांनी गाडी सोडली, नाहीतर कुणाला हात लावू दिला नसता. बाहेरून गाडी लख्ख. दरवाजांच्या फटींतसुद्धा धूळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सुरू केली आणि बॉनेटखालून टकटक ऐकू आली. बारीक, कोरडी, घाईची. पाच-सहा सेकंदांनी ती विरली. पुढे हजार किलोमीटर झाल्यावर डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली, तर ऑइल खालच्या खुणेच्या जेमतेम वर. वरच्या खुणेपर्यंत आणायला ७०० मिलिलिटर ओतावं लागलं.

सकाळची टकटक आणि ऑइल खाणं, ही दोन लक्षणं कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं असतं: इंजिन फ्लश कर. एक बाटली ऑइलमध्ये ओत, दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेव, सगळा गाळ ऑइलबरोबर खाली येईल. मी ऐकून घेतलं आणि बाटली आणली नाही. कारण हा उपाय मी आधी एकदा केला होता.

दहा वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली होती. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, मला काहीच ठाऊक नव्हतं. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी फ्लशची बाटली ओतली. बाटलीवर लिहिलं होतं अगदी तसंच केलं. दहा मिनिटं आयडलवर, मग ऑइल काढलं, नवा फिल्टर लावला, नवं ऑइल भरलं. बाहेर आलेलं ऑइल डांबरासारखं होतं, आणि ते पाहून मला फार समाधान वाटलं होतं. तीनशे किलोमीटर चालवल्यावर एका सिग्नलला थांबलो असताना ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकला. रेस दिली की विझायचा, सोडली की पुन्हा लागायचा. मी तशीच गाडी गॅरेजपर्यंत नेली. ते शेवटचे दोन किलोमीटर मला आजही टोचतात. त्याच क्षणी इंजिन बंद करायला हवं होतं.

मिस्त्रींनी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं, उतरवलं. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो, ती जाळी भिजलेल्या कोळशाच्या भुकटीने लिंपून काढावी तशी बुजली होती. बेअरिंगचा एक शेल, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारी अर्धगोल पट्टी, त्यांनी पुसून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर नखाला अडतील असे ओरखडे होते आणि मधूनमधून करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलं होतं. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पुढे इंजिन उतरवावं लागलं.

त्या बाटलीला मी दोष देत नाही. तिने तिचं काम केलं, गाळ सुटा केला. सुटलेला सगळा गाळ ऑइलबरोबर वाहून जातो, हे मात्र मीच गृहीत धरलं होतं. विरघळलेला जातो. जो पापुद्र्यांनी निखळतो, तो चेंबरच्या तळाशी आणि खाचाखोचांत पडून राहतो आणि पुढच्या दिवसांत हळूहळू जाळीकडे ओढला जातो. आणि तो लाल दिवा ऑइलचा दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास घसरल्यावरच लागतो. दाब तिथवर येईतो बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं.

म्हणून मामांच्या गाडीच्या वेळी मी त्याच मिस्त्रींना म्हटलं, "आधी इंजिनावरचं झाकण, टॅपेट कव्हर, उघडून बघू. काय टाकायचं ते मग ठरवू."

"हे कुणी म्हणत नाही," ते म्हणाले आणि पाना उचलला.

कव्हर निघालं. कॅमशाफ्टवरच्या टोप्यांवर तांबूस-तपकिरी झिलई बसली होती, जुन्या लाकडी दारावरच्या पॉलिशसारखी. नखाने खरवडली तरी निघेना. ही वार्निश. तापलेलं ऑइल हवेशी संयोग पावून धातूवर जो पातळ थर धरतं, तो हा. दिसायला वाईट, पण उघड्या भागांवर ती तशी निरुपद्रवी. त्रास देते ती अरुंद जागी: हायड्रॉलिक टॅपेटच्या (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणाऱ्या भागाच्या) आतल्या इवल्या दट्ट्यात किंवा व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या जाळीत. रात्रभरात टॅपेटमधलं ऑइल उतरतं, सकाळी ते चटकन भरलं नाही की टकटक होते. आमचा आवाज बहुधा तिथलाच होता.

खरं काळजीचं होतं ते कोपऱ्यात. हेडवरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल ज्या भोकांतून खाली चेंबरमध्ये परत जातं, त्यांच्या काठांना काळा, मऊ लगदा चिकटला होता. मी तर्जनी फिरवली तर ती पहिल्या पेराच्या निम्म्यापर्यंत रुतली. लगदा बाजूला केला तर त्याच्याखाली आणखी एक थर होता, कोरडा आणि कडक. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचकटला, तर त्याची नखाएवढी खपली निघाली. मी ती खपली बोटांत चुरायचा प्रयत्न केला. चुरली नाही. दोन तुकडे झाले, एवढंच. दहा वर्षांपूर्वीच्या जाळीवर काय अडकलं होतं, ते मला त्या दोन तुकड्यांत दिसलं.

हे किटण चढलं कसं, ते मामांच्या डायरीतून कळलं. ग्लव्ह बॉक्समध्ये एक छोटी डायरी होती. प्रत्येक वेळी पेट्रोल किती भरलं, टायरमध्ये हवा कधी तपासली, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत गाडी जेमतेम २४,००० किलोमीटर चालली होती, आणि बहुतेक फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या. ऑइल बदलल्याची नोंद १,८६,००० ला होती. त्यानंतरची थेट २,०१,००० ला. मध्ये पावणेचार वर्षं.

मी मामांना विचारलं, "मधलं लिहायचं राहिलं का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. "लिहायचं नाही राहिलं रे. बदललंच नव्हतं. गाडी चालत कुठे होती फारशी, मला वाटलं ऑइल नवंच असेल."

असं वाटणारे मामा एकटे नाहीत. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी थकलेली गाडी, हा हिशोब टायरला लागू पडतो, ऑइलला नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून जळलेला वायू थोडाथोडा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, शिरतच असतो. त्याच्यासोबत वाफ, काजळी, न जळलेलं पेट्रोल, आम्लं. लांबच्या रस्त्यावर ऑइल चांगलं तापतं, वाफ आणि पेट्रोल उडून ब्रीदरच्या नळीने इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे, जातात आणि तिथे जळून जातात. तीन किलोमीटरच्या फेरीत ऑइल तापतच नाही. तापमानाचा काटा दाखवतो ते कूलंटचं तापमान. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. मग पाणी, आम्ल आणि काजळी आतच मुरतात आणि घट्ट होत जातात. मामांच्या गाडीत दोन गोष्टी आणखी निघाल्या. कूलंट रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिन कधी पुरतं गरम होतच नव्हतं. आणि ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी झडप, हातात घेऊन हलवला तर खुळखुळला नाही. आत चिकटून बसला होता. म्हणजे आतली घाण बाहेर जायची वाटच बंद. हे दोन भाग न बदलता कसलंही औषध ओतलं असतं, तर वर्षभरात गाडी पुन्हा तिथेच आली असती.

इंजिन ऑइल स्वतःच साफसफाई करतं, हे आपण सहज विसरतो. नेहमीच्या ऑइलमध्ये १० ते २५ टक्के वाटा ॲडिटिव्हचा असतो. त्यातले डिटर्जंट, बहुतेक कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं, आम्लं मारतात आणि तापलेल्या पृष्ठभागांवर थर बसू देत नाहीत. डिस्पर्संट नावाचे रेणू काजळीच्या प्रत्येक कणाभोवती जमतात आणि त्याला दुसऱ्या कणाला चिकटू देत नाहीत. कण सुटे, तरंगते राहतात, म्हणूनच ऑइल काळं दिसतं. काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल, असं आपण पटकन म्हणतो. खरं तर ते काजळी उचलून धरत असतं. या रेणूंनाही मर्यादा आहे. आम्ल मारणारा साठा संपला, काजळी पेलवेनाशी झाली, की जे तरंगत होतं तेच खाली बसू लागतं.

हे ज्ञान ट्रॅक्टरांनी दिलं. १९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा खोबणीत चिकटून बसू लागल्या. तोवरचं ऑइल म्हणजे जवळपास निव्वळ खनिज तेल. ते वंगण द्यायचं, पण साफ करत नव्हतं. मग ऑइलमध्ये धातूंपासून बनवलेली, साबणाच्या जातीची संयुगं मिसळली गेली आणि रिंगा सुटू लागल्या. डिटर्जंट ऑइलची सुरुवात ही अशी, नेमकी याच दुखण्यातून झाली. आज दुकानात मिळणाऱ्या बाटलीबंद क्लीनरकडे मी त्याच नजरेने बघतो: ऑइलमध्ये जे थोडं आधीच आहे, ते जास्त प्रमाणात.

पण सगळ्या बाटल्या एका जातीच्या नसतात. झटपट फ्लश हा बहुतांशी रॉकेलाच्या कुळातला पातळ द्रावक असतो, सोबत थोडे डिटर्जंट. ऑइल बदलण्याआधी ओतायचा, दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवायचा आणि लगेच काढायचा. तेवढ्या वेळात गाडी चालवायची नाही, रेस द्यायची नाही, कारण ऑइल पातळ झालेलं असतं. ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) मधे असावा लागतो. चार लिटरमध्ये चारशे मिलिलिटर पातळ द्रावक पडला की तो दाटपणा झपाट्याने उतरतो आणि बेअरिंगमधला ऑइलचा पडदा विरळ होतो. शिवाय ऑइल काढलं तरी थोडं आतच राहतं, आणि त्यासोबत थोडा द्रावकही. जिचं ऑइल नेहमी वेळेवर बदललं गेलं, जिच्यात फक्त वार्निश आहे, अशा गाडीला हा फ्लश चालून जातो. आमच्या गाडीत त्या खपल्या होत्या.

दुसरी जात सावकाश काम करणारी. ती ऑइलमध्ये मिसळून हजार-दीड हजार किलोमीटर चालवायची असते. यात बरेचदा एस्टर नावाची संयुगं असतात. एस्टरचे रेणू धातूकडे ओढले जातात, बसलेल्या थराच्या कडेखाली शिरतात आणि तो हळूहळू मऊ करतात. पापुद्रा निखळण्यापेक्षा तो झिजत जावा, हेच आपल्याला हवं असतं. माझा विश्वास या जातीवर आहे. किटण चढायला वर्षं लागली असतील, तर ते उतरवायला दहा मिनिटं देणं मला आता पटत नाही.

तिसरीही एक जात आहे, जी साफ काहीच करत नाही. ती ऑइल दाट करते. धूर कमी दिसतो, आवाज दबतो, आणि किटण जागच्या जागी राहतं. साफ करण्याच्या आशेने ही बाटली घरी आणू नये, म्हणून इथे सांगितलं.

मिस्त्री आणि मी मिळून क्रम ठरवला. पहिल्यांदा थर्मोस्टॅट आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह नवे. मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि वरच्या रिंगा झिजल्या असत्या, तर कुठल्याही बाटलीने त्या परत भरून आल्या नसत्या; रसायन झिजलेला धातू परत आणत नाही. कम्प्रेशन चांगलं आणि तरी ऑइल कमी होतंय, म्हणजे संशय तिसऱ्या रिंगेवर, ऑइल रिंगेवर. तिच्या मागे पिस्टनला बारीक भोकं असतात. बोअरवरून खरवडलेलं ऑइल त्यांतून परत खाली जातं. ती भोकं कार्बनने बुजली की ऑइल वर जाऊन जळतं. नव्या इंजिनांत घर्षण कमी करण्यासाठी या रिंगांचा ताण हलका ठेवतात, त्यामुळे त्या थोड्या कार्बननेही अडकतात. धुराचीही आम्ही परीक्षा घेतली. सकाळी सुरू करताना निळसर झुळूक आली आणि विरली, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. चढावर जोर देताना निळा धूर निघाला, तर रिंगांवर. आमच्या गाडीने चढावर जोर दिल्यावर आरशात निळसर पट्टा दाखवला. दोष सीलचा असता तर ते बदलावेच लागले असते, कारण वाळलेलं रबर साफ करून मऊ होत नाही.

यानंतर चेंबर उतरवला. मामांच्या गाडीची जाळी एक तृतीयांश बुजली होती. ती धुतली, चेंबरचा तळ खरवडून पुसला, टॅपेट कव्हरखालच्या खपल्या हाताने वेचून काढल्या. दोन तास लागले. माझ्या मते सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे दोन तास हेच. जे हाताने निघतं ते रसायनावर का सोडायचं? चेंबर परत बसवल्यावर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी काट्याचा गेज लावून दाब मोजला आणि कागदावर लिहून ठेवला, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दिव्याची वाट बघावी लागणार नाही.

पहिले १,५०० किलोमीटर फक्त चांगलं ऑइल, क्लीनर नाही. मग नवं ऑइल, नवा फिल्टर आणि त्यात सावकाश काम करणारा क्लीनर, बाटलीवर लिहिल्यापेक्षा थेंबभरही जास्त नाही. सातशे किलोमीटरला ऑइल तेच ठेवून फक्त फिल्टर बदलला. हा मधला फिल्टर लोक टाळतात, आणि मला वाटतं चूक तिथेच होते. फिल्टर गच्च भरला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता तसंच पुढे जातं. इंजिनाला ऑइल मिळावं म्हणून केलेली ती सोय आहे. पण साफसफाई चालू असताना तो उघडला, तर सुटलेली घाण थेट बेअरिंगकडे जाणार.

तो फिल्टर मी कापला. पत्र्याच्या डब्याची वरची कड करवतीने कापली, तर बुरादा आत पडतो आणि काहीच कळत नाही, म्हणून कटरने गोल फिरवून उघडला. आतला कागद निऱ्यांसारखा घडी घातलेला असतो. तो सोडवून वर्तमानपत्रावर सरळ पसरला आणि रात्रभर निथळत ठेवला. सकाळी उन्हात नेऊन पाहिलं. प्रत्येक घडीच्या खोलात काळी, बारीक रवाळ रेघ होती. लोहचुंबक फिरवलं, एकही कण उचलला गेला नाही. चकाकणारं काही दिसलं नाही. सगळा कार्बन. मी तो कागद बोटाने चोळला तर रवे चुरले, पावडर झाली. कव्हरखालची ती पहिली खपली चुरली नव्हती. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, हे ठीक चाललंय.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो. तिथे उत्पादकाने सांगितलेल्या ऑइलपलीकडे काहीही टाकू नये. बेल्टचं रबर फुगलं किंवा सुटलं, तर त्याचे कण त्याच जाळीवर जाऊन बसतात. आणि काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. ते झाकण लावून, जिथे जुनं ऑइल गोळा करतात तिथे पोचवा.

क्लीनर काढल्यावर पुन्हा साधं, चांगलं ऑइल आणि तीन हजार किलोमीटरला बदल. लांबची एक फेरी दर पंधरवड्याला, इंजिन नीट तापेल अशी. आता ओडोमीटर २,१७,००० च्या पुढे गेलं आहे. ऑइल हजार किलोमीटरला ७०० ऐवजी २५० मिलिलिटर जातं. शून्य झालं नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही; काही उत्पादकांच्या पुस्तिका तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरही चालतं म्हणतात. चढावरचा निळसर पट्टा आता दिसत नाही. ऑइल जळणं कमी झालं याचा मला आणखी एक आनंद आहे: ऑइलमधला फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतो आणि त्याला निकामी करतो, ते आता कमी होईल. सकाळची टकटक गार दिवशी अजून येते. एक सेकंद, फार तर दोन.

मागच्या महिन्यात मामांना गाडीतून घेऊन निघालो. सुरू करण्याआधी ते म्हणाले, "थांब, काच खाली कर." मी चावी फिरवली. टक, टक, आणि शांत. ते थोडे पुढे झुकून ऐकत राहिले. मग ग्लव्ह बॉक्स चाचपून त्यांनी डायरी काढली, डोळ्यांपाशी नेली आणि माझ्या नोंदींवरून बोट फिरवलं.

"अक्षर मोठं काढत जा," ते म्हणाले. "आणि पुढचं ऑइल कितीला?"

"२,१९,००० ला."

"मग दोन हजार राहिले." त्यांनी डायरी मिटली आणि मांडीवरच ठेवली.